पाणी नेमकं कुठं मुरतंय? दमट हवेत स्फोटकांचा माग काढणाऱ्या पॉलिमर फिल्मबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी काही गल्लत झाली असेल तर लगेच कळेल. काचेवर पीपीई (पॉलिफेनिलीन एथिनिलीन) जातीच्या, प्रकाश पडला की चमकणाऱ्या पॉलिमरची पातळ फिल्म आहे, तिला चमकवणारा ४०५ नॅनोमीटरचा एलईडी आहे आणि समोर चमक मोजणारा फोटोडायोड. कोरड्या नायट्रोजनमधून २,४-डीएनटीचं (टीएनटीच्या जवळच्या नात्यातल्या रेणूचं) बाष्प सोडलं की ३० सेकंदांत फिल्मची चमक ६० टक्क्यांनी उतरते. तोच नायट्रोजन बबलरमधून (पाण्यातून बुडबुडे काढणाऱ्या बाटलीतून) आलेल्या ओल्या हवेत मिसळून आर्द्रता ७५ टक्क्यांवर नेली, तर घट फक्त २० टक्के दिसते. शिवाय डीएनटी नसताना नुसत्या ओल्या हवेनंच मूळ चमक १२ टक्क्यांनी खाली येते. तुम्ही विचारताय की वाटेत सिलिका जेल बसवू का पॉलिमरच बदलू. आणि जाता जाता हेही, की हा सेन्सर किती टक्के आर्द्रतेपर्यंत चालतो असं अहवालात लिहू.

आज तरी दोन्हीपैकी काहीच करू नका. या आकड्यांत आर्द्रतेचा दोष किती आणि मांडणीचा किती, हे अजून वेगळं झालेलं नाही. या कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि दमट हवेच्या माथी मारलेल्या कितीतरी तक्रारी शेवटी एखाद्या नळीपाशी किंवा बबलरपाशी जाऊन संपलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यात माझ्या स्वतःच्याही आहेत.

आधी ६० चे २० कसे झाले ते बघू. बबलरमधून निघणारी हवा जवळपास संपृक्त असते. ७५ टक्के आर्द्रता हवी तर या ओल्या हवेचे तीन भाग आणि कोरड्या वायूचा एक भाग असं मिश्रण करावं लागतं. तुमचं डीएनटी आहे कोरड्या फाट्यात. म्हणजे ओल्या प्रयोगात फिल्मपाशी पोचणारं डीएनटी कोरड्या प्रयोगाच्या चौथ्या हिश्शाइतकंच आहे. पाण्यानं काहीही न करता सिग्नल उतरायलाच हवा होता. किती, तेही काढता येतं. स्टर्न-फोल्मर समीकरणानुसार मूळ चमक भागिले उरलेली चमक, वजा एक, ही राशी क्वेंचरच्या, म्हणजे चमक विझवणाऱ्या रेणूच्या, प्रमाणात वाढते. ६० टक्के घट म्हणजे ४० टक्के चमक उरली, गुणोत्तर २.५, वजा एक केलं की १.५. त्याचा चौथा हिस्सा ०.३७५. गुणोत्तर झालं १.३७५ आणि घट सुमारे २७ टक्के. घन फिल्ममध्ये हे समीकरण इतकं सरळ चालत नाही आणि ३० सेकंदांत फिल्म समतोलालाही आलेली नसते, पण अंदाजाला पुरे. तेव्हा तुमची खरी तक्रार ‘६० चे २० झाले’ अशी नाही. ती ‘२७ चे २० झाले’ अशी आहे. एवढ्या फरकासाठी कुणी नवा पॉलिमर बनवायला बसत नाही.

आता ते १२ टक्के. कोरडा प्रयोग तुम्ही नायट्रोजनमध्ये केलात आणि ओला हवेत. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या : पाणी आलं आणि ऑक्सिजनही आला. पीपीईची उत्तेजित अवस्था नॅनोसेकंदाहूनही कमी काळ टिकते, त्यामुळे ऑक्सिजन तिला थेट फारसा विझवू शकत नाही. पण प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की पॉलिमरची साखळी हळूहळू ऑक्सिडाइज होते, म्हणजे फोटोब्लिचिंग सुरू होतं. एलईडी सतत चालू ठेवला असेल तर १२ टक्क्यांतला बराचसा वाटा त्याचा निघू शकतो. बबलरमधलं पाणी बाष्पीभवनानं थंड होतं, सोबत हवाही थंड होते आणि फिल्मचं तापमान बदललं की चमक बदलते. शिवाय जोरात बुडबुडे काढले तर हवेबरोबर बारीक तुषार उडतात. ते फिल्मवर किंवा खिडकीवर बसले की प्रकाश विखुरतो. बबलरनंतर एक रिकामी बाटली किंवा सिंटर्ड फिल्टर नसेल तर तुम्ही आर्द्रता मोजत नाही, फवारा मोजताय.

म्हणून पहिला प्रयोग अगदी साधा. डीएनटी पूर्ण बंद ठेवा. कोरडा फाटाही हवेचा, ओला फाटाही हवेचा. एकूण प्रवाह दोन्ही वेळी सारखा आणि वायूचं तापमान फिल्मच्या अगदी जवळ मोजलेलं. एलईडी सेकंदातून एकदा ५० मिलिसेकंदच पेटवा. प्रकाशाचा मारा वीसपट कमी होतो. आता कोरडी हवा, ओली हवा, पुन्हा कोरडी, अशी पाच-सहा आवर्तनं घ्या आणि आलेख नुसता बघत बसा. ओली हवा आल्यावर चमक काही सेकंदांत उतरली आणि कोरडी आल्यावर तितक्याच झटकन परत आली, तर परिणाम भौतिक आहे : तापमान, फुगवटा किंवा ऑप्टिक्स. उतरली आणि परत येताना दर आवर्तनात थोडी कमीच आली, तर फिल्म झिजतेय. उतरली आणि तासाभरानं सावकाश परत आली, तर पाणी फिल्म आणि काच यांच्या मध्ये शिरलंय.

जमलं तर याच वेळी पूर्ण स्पेक्ट्रमही घ्या. नुसत्या फोटोडायोडला चमक कमी झाली एवढंच कळतं. स्पेक्ट्रमचा आकार तसाच राहून उंची कमी झाली, तर संशय ऑप्टिक्स, तापमान आणि ब्लिचिंगवर. शिखर लाल बाजूला सरकलं, तर पॉलिमरभोवतीचं ध्रुवीय वातावरण बदललंय, म्हणजे पाणी खरोखरच साखळीच्या शेजारी जाऊन बसलंय.

मी आणखी एक युक्ती करते. त्याच जागी, त्याच कोनात, पॉलिमरऐवजी साध्या पॉलिस्टायरिनमध्ये रंगद्रव्य मिसळलेली जाडसर फिल्म लावते. तिला डीएनटीचं फारसं सोयरसुतक नसतं आणि पाण्याचंही. ओल्या हवेत तिचीही चमक घसरली, तर दोष तुमच्या पॉलिमरचा असूच शकत नाही. एकदा तीन आठवडे मी साखळीवरचे बाजूगट बदलत बसले होते आणि शेवटी निघालं काय, तर फोटोडायोडसमोरच्या फिल्टरवर दव धरत होतं. तो फिल्टर खोलीच्या तापमानाहून दोन-तीन अंशांनी थंड होता, बस्स.

हे झालं निदान. आता मुळात पाणी काय करू शकतं आणि काय नाही, ते सांगते, कारण सिलिका जेलचा विचार त्यातल्याच एका गैरसमजातून येतो.

या फिल्म चालतात त्यामागची कल्पना तुम्हाला ठाऊक असेलच. रसायनशास्त्रज्ञ टिमथी स्वेगर (तेव्हा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात, पुढं एमआयटीत) यांच्या गटानं १९९५ मध्ये दाखवलं की संयुग्मित (एकाआड एक बहुबंध असलेल्या) पॉलिमरच्या साखळीवर एका जागी क्वेंचर बसला तरी साखळीभर फिरणारा एक्सायटॉन (प्रकाशानं मिळालेल्या ऊर्जेची पुडी) त्याच्यापाशी येऊन विझतो. एका रेणूचा परिणाम अनेक एककांवर होतो, म्हणून सिग्नल वाढलेला दिसतो. १९९८ मध्ये त्याच गटानं पेंटिप्टिसीन जोडलेल्या पीपीईच्या फिल्मवर टीएनटी आणि डीएनटीची बाष्पं पकडून दाखवली. पेंटिप्टिसीनचे अवजड, ताठ सांगाडे साखळ्यांना एकमेकींवर रचू देत नाहीत, त्यामुळे चमक टिकते आणि मधल्या पोकळ्यांतून बाष्प आत जातं. पुढं ‘फायडो’ नावाचं स्फोटकशोधक उपकरण निघालं ते याच तत्त्वावर.

चमक विझते ती इलेक्ट्रॉन जाण्यामुळे. उत्तेजित पॉलिमर आपला इलेक्ट्रॉन नायट्रोअरोमॅटिक (अरोमॅटिक वलयावर नायट्रो गट असलेल्या, टीएनटी-डीएनटीसारख्या) रेणूला देतो, कारण नायट्रो गटांमुळे त्या रेणूची रिकामी कक्षा ऊर्जेनं खाली असते. पाण्याची तशी कक्षा फार वर असते. त्यामुळे पाणी पीपीईकडून इलेक्ट्रॉन घेऊच शकत नाही. टीएनटी ज्या अर्थानं क्वेंचर आहे त्या अर्थानं पाणी क्वेंचर नाही. हे पक्कं लक्षात ठेवा.

पण संख्याबळ बघा. २५ अंश सेल्सिअसला संपृक्त हवेत पाण्याची वाफ सुमारे ३१,००० पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) असते. ७५ टक्क्यांना साधारण २३,५००. त्याच तापमानाला टीएनटीचं संपृक्त बाष्प १० पीपीबीच्या (अब्जात इतके भाग) आत, डीएनटीचं काहीशे पीपीबीच्या घरात. म्हणजे टीएनटी संपृक्त असतानाही त्याच्या एका रेणूमागे पाण्याचे वीस लाखांहून जास्त रेणू. आणि प्रत्यक्षात हवा टीएनटीनं संपृक्त कधीच नसते. एवढ्या गर्दीला फिल्मवर थेट परिणाम करण्याची गरजच पडत नाही. ती नुसती मध्ये आली तरी पुरतं.

ती मध्ये येते कुठं कुठं? पहिली जागा वाटेतली. नळीच्या भिंती, जोड, झडपा. नायट्रोअरोमॅटिक रेणू चिकट असतात, कोरड्या काचेला आणि धातूला घट्ट धरून बसतात. ओली हवा आली की पाणी त्या जागा बळकावतं आणि आधी चिकटलेलं डीएनटी सुटून पुढं येतं. म्हणजे ओल्या हवेत सुरुवातीला सिग्नल वाढूही शकतो! नव्या माणसाला हे उफराटं वाटतं. कोरड्या प्रयोगानंतर नळ्या न बदलता ओला प्रयोग केलात, तर नळीत साठलेली कालची उधारी आज वसूल होते. टेफ्लॉनच्या किंवा आतून निष्क्रिय केलेल्या सिलिकाचा लेप दिलेल्या नळ्या, लांबी शक्य तितकी कमी, आणि ७०-८० अंशांपर्यंत गरम ठेवलेल्या. एवढं केलं की निम्मं दुखणं जातं.

दुसरी जागा काच. स्वच्छ काचेवर सिलॅनॉल (सिलिकॉनला जोडलेले ओएच) गट असतात आणि त्यांना पाणी फार प्रिय. काही नॅनोमीटर जाडीच्या फिल्ममध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं असतातच, फिल्म कितीही चांगली असली तरी. पाणी तिथून शिरून काच आणि फिल्म यांच्या मधून पसरतं, फिल्म सूक्ष्म प्रमाणात सुटते, तिचे थेंब-थेंब होतात. फिल्म चढवण्याआधी काचेला एचएमडीएसच्या बाष्पात किंवा ओटीएसच्या द्रावणात (दोन्ही काचेवर पाणी टाळणारा लेप चढवणारी सिलिकॉन संयुगं) ठेवून जलद्वेषी करून घ्या. मात्र फार जलद्वेषी झाली तर पॉलिमरचं द्रावण तिच्यावर नीट पसरत नाही. मला स्वतःला एचएमडीएसचा सौम्य लेप जास्त सोयीचा वाटतो. काचेवर पाण्याचा थेंब ठेवून त्याचा कोन बघितला की एका नजरेत कळतं.

तिसरी जागा खुद्द फिल्म. तुमच्या पॉलिमरवर लांब अल्किल साखळ्या असतील तर पाणी आत फारसं जात नाही. पण बाजूला ईथर, अमाइन, आम्ल किंवा आयनी गट असतील, तर फिल्म पाणी पिते, फुगते, साखळ्यांमधलं अंतर बदलतं आणि एक्सायटॉनची धाव बदलते. दाता-ग्राही पद्धतीचे, म्हणजे इलेक्ट्रॉन देणारे आणि घेणारे घटक जोडलेले, पॉलिमर याबाबत जास्त नाजूक. त्यांची उत्तेजित अवस्था मुळातच विद्युतभार विभागलेली असते आणि ध्रुवीय वातावरणात ती सरकते आणि मंदावते. एकत्र गोळा झाल्यावर चमकणारे टेट्राफेनिलएथिलीनसारखे घटक ज्यांत असतात, त्यांत फुगलेल्या फिल्मनं चमक कमी होते, कारण आतल्या वलयांना हलायला जागा मिळते. तेव्हा पॉलिमर बदलायचा की नाही हे तुमच्या साखळीवर नेमकं काय लटकलंय यावर ठरेल. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी ठाम सांगत नाही. अल्किल किंवा अल्कॉक्सी असेल तर बदलू नका. काही आयनी असेल तर बदला, आणि तेही लवकर.

चौथी जागा ऑप्टिक्सची. तिच्याबद्दल वर बोलून झालं.

आता सिलिका जेल. हे सगळ्यांना सुचतं, मलाही सुचलं होतं. कोरडी सिलिका पाणी धरते, पण डीएनटी आणि टीएनटीही तितक्याच आनंदानं धरते. तुम्ही चोर पकडायला दारावर पहारेकरी बसवताय आणि तो आधी चोरालाच लपवून ठेवतो. पुढं ती सिलिका पाण्यानं भरली की धरलेलं डीएनटी सोडू लागते. माझ्याकडे असं एक काडतूस होतं. कोरड्या दिवसांत उपकरण मुकं, आणि पहिल्या दमट सकाळी स्वच्छ हवेवरच धोक्याची घंटा. आण्विक चाळणी आणि कॅल्शियम सल्फेटबद्दलही माझं मत हेच. नॅफिऑनच्या पडद्याचे ड्रायर त्यातल्या त्यात बरे. त्यातून पाणी भिंतीतून आरपार निघून जातं, साठत नाही. पण अल्कोहोल, अमोनिया, अमाइन असे लहान ध्रुवीय रेणूही त्याच वाटेनं जातात, आणि भिंतीचं क्षेत्रफळ वाढल्यामुळे टीएनटीसारख्या जड रेणूला चिकटायला नवी जागा मिळते. वापरायचाच तर गरम ठेवा आणि ड्रायर लावून व काढून, दोन्ही वेळा, सिग्नल मोजा.

मी हवा कोरडी करण्याच्या नादी लागतच नाही. मी आर्द्रता दोन्हीकडे सारखी करते. झडप लावून फिल्मवर आळीपाळीनं दोन हवा सोडायच्या : एक नमुन्याची, जशी आहे तशी, दुसरी तीच हवा, पण सक्रिय कोळशातून गाळलेली. कोळसा नायट्रोअरोमॅटिक धरून ठेवतो. पाणी तोही धरतो, ५० टक्क्यांच्या वर तर बरंच, पण त्याच्यातून तीच हवा पुरेसा वेळ वाहिली की तो पाण्याच्या बाबतीत समतोलाला येतो आणि पुढं पाणी जसंच्या तसं जाऊ देतो. म्हणजे दोन्ही हवांत पाणी सारखं, ऑक्सिजन सारखा, तापमान सारखं. फरक फक्त स्फोटकाच्या बाष्पाचा. पाच-दहा सेकंदांची आवर्तनं घ्या आणि दोन्हींतला फरक हाच सिग्नल माना. १२ टक्क्यांची ती घसरण या वजाबाकीत आपोआप निघून जाते. यातली एक कुरकुर सांगून ठेवते : बाहेरची आर्द्रता एकदम बदलली, म्हणजे उपकरण थंड खोलीतून दमट आवारात नेलं, की कोळसा काही मिनिटं मागे राहतो आणि तेवढा वेळ खोटा सिग्नल येतो. कोळशानंतर एक आर्द्रतामापी बसवा, आणि दोन्ही हवांतला आर्द्रतेचा फरक ठरावीक मर्यादेत येईपर्यंत उपकरणानं निर्णय देऊच नये अशी व्यवस्था करा.

सिग्नल वाचताना शेवटचा आकडा न घेता सुरुवातीचा उतार घ्या. जलद्वेषी फिल्म पाण्याच्या बाबतीत पटकन समतोलाला येते. डीएनटी मात्र साठत जातं आणि सोडतानाही रेंगाळतं. वेळेच्या अक्षावर हे दोघं वेगळे दिसतात. ३० सेकंदांनंतरच्या एका आकड्यात ते एकमेकांत मिसळून जातात.

तापवण्याबद्दलही थोडं. २५ अंशांची ७५ टक्के आर्द्रतेची हवा ४५ अंशांपर्यंत तापवली, तर पाणी तेवढंच राहतं पण सापेक्ष आर्द्रता जवळपास २५ टक्क्यांवर येते. दव धरायची भीती गेली, काचेवरचा पाण्याचा थर पातळ झाला, नळीच्या भिंती सैल झाल्या. किंमत अशी की गरम फिल्मवर डीएनटीही कमी बसतं, कारण बसताना ते उष्णता सोडतं आणि तापमान वाढलं की तो सौदा तोट्याचा होतो. त्यामुळे नळी फिल्मपेक्षा गरम आणि फिल्म आसपासच्या हवेपेक्षा थोडीशीच गरम, असा उतरता क्रम ठेवते. बहुतेक फिल्मना ३५ ते ४५ च्या मध्ये कुठंतरी चांगली जागा सापडते, पण तुमची जागा तुम्हालाच शोधावी लागेल.

आतापर्यंतचं थोडक्यात : दोन्ही फाटे हवेचे करा, डीएनटीचं प्रमाण कोरड्या आणि ओल्या प्रयोगात फिल्मपाशी सारखं आहे याची खात्री करा, निव्वळ ओल्या हवेची आवर्तनं घ्या, मगच फिल्मला दोष द्या. डीएनटी खरंच सारखं पोचतंय का, हे प्रवाहाच्या आकड्यांवरून गृहीत धरू नका. फिल्मच्या जागी टेनॅक्सची (बाष्प धरून ठेवणाऱ्या पदार्थाची) नळी लावून ठरावीक वेळ हवा ओढा आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर मोजा. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच कुणी करत नाही. डीएनटी हाताळताना हातमोजे हवेतच. ते त्वचेतून शिरतं आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवतं. ओल्या प्रयोगात बाहेर पडणारी हवाही कोळशातून सोडा.

बबलरला पर्याय म्हणून संपृक्त क्षारांच्या द्रावणांवर बंद डब्यात फिल्म ठेवून बघणंही चांगलं. २५ अंशांना लिथियम क्लोराइडवर ११ टक्के, मॅग्नेशियम क्लोराइडवर ३३, साध्या मिठावर ७५ आणि पोटॅशियम सल्फेटवर ९७ टक्के आर्द्रता मिळते. प्रत्येक डब्यात एकेक फिल्म आठवडाभर अंधारात ठेवा, तशीच दुसरी जोडी उजेडात. अंधारातल्या फिल्म ठीक आणि उजेडातल्या गेल्या, तर पाणी एकटं दोषी नाही. दोन्ही गेल्या, तर काचेच्या लेपाकडे या.

हे उपकरण शेवटी कुठं वापरायचं हे तुम्ही सांगितलेलं नाही, आणि उत्तर त्यावर बरंच फिरतं. जमिनीतले सुरुंग शोधायचे असतील तर ओलावा मित्र आहे. कोरडी माती नायट्रोअरोमॅटिक बाष्पाला इतकं घट्ट धरते की वर हवेत जवळपास काहीच येत नाही. तीच माती ओली झाली की पाणी त्या जागा घेतं आणि बाष्पाचं प्रमाण कित्येक पटींनी, दहाच्या अनेक घातांनी वाढतं. नळीच्या भिंतीवर जे घडतं तेच इथं, मोठ्या प्रमाणावर. तिथं तुम्हाला दिसेल तेही टीएनटीपेक्षा जास्त करून त्यातली अशुद्धी, डीएनटीच. अशा ठिकाणी दमट हवेत थोडी संवेदनशीलता गेली तरी जमाखर्च फायद्याचाच राहतो.

सामान किंवा हात पुसून घेतलेल्या कापडी पट्ट्या तापवून तपासायच्या असतील, तर वेगळी कटकट. ओली पट्टी गरम केली की आधी वाफेचा लोट येतो, तापक थंड पडतो आणि ती वाफ त्यातल्या त्यात थंड जागी, म्हणजे नेमकी फिल्मवर बसते. तिथं पहिले एक-दोन सेकंद हवा फिल्मला वळसा घालून बाहेर सोडते. थोडं टीएनटी त्यात जातं, जाऊ दे. आरडीएक्स आणि पीईटीएन या स्फोटकांचं बाष्प खोलीच्या तापमानाला काही पीपीटीच्या (लाख कोटीत इतके भाग) घरात असतं, त्यामुळे हवेत त्यांचा वास घेण्याची भाषा मी करत नाही, ते पट्टीनंच. प्लास्टिक स्फोटकांत १९९१ च्या मॉन्ट्रियल करारानुसार शोध लागावा म्हणून मिसळलं जाणारं डीएमएनबी हे खूणद्रव्य बाष्परूपात भरपूर असतं, पण त्याला अरोमॅटिक वलय नाही आणि त्याची रिकामी कक्षा वर असते, म्हणून तुमच्या पीपीईला ते नीट विझवता येणार नाही. त्यासाठी जास्त रुंद ऊर्जाफटीचा पॉलिमर लागतो. टीएटीपी या पेरॉक्साइड स्फोटकात तर नायट्रो गटच नाही. त्या बाबतीत ही फिल्म गप्प बसली तर तिला दमट हवेनं बिघडवलं असं समजू नका. आणि उलट बाजूनं, काही सुगंधी द्रव्यांतली मस्क झायलीनसारखी कृत्रिम कस्तुरी स्वतःच नायट्रोअरोमॅटिक असते. दमट दिवशी खोटी घंटा वाजली तर शेजारी अत्तर लावून कोण उभं आहे तेही बघा.

राहिला अहवाल. ‘७५ टक्के आर्द्रतेपर्यंत चालतो’ असं एकट्या टक्क्यानं लिहू नका. १० अंशांवरचे ७५ टक्के आणि ३५ अंशांवरचे ७५ टक्के यांत पाण्याचं प्रमाण साडेचार पटींहून जास्त वेगळं असतं. हवेचं तापमान, फिल्मचं तापमान, सापेक्ष आर्द्रता, फिल्मपाशी प्रत्यक्ष मोजलेलं डीएनटी आणि फिल्म किती तास उजेडात राहिली होती, एवढं सोबत द्या. प्रत्येक आर्द्रतेला ओल्या कोऱ्या हवेवरची घसरण वेगळ्या रकान्यात आणि त्यावरचा डीएनटीचा सिग्नल वेगळ्या रकान्यात. टक्केवारी त्या त्या आर्द्रतेच्या मूळ चमकेवरून काढा, कोरड्या चमकेवरून नको. नाहीतर तुमचे १२ टक्के दोन ठिकाणी मोजले जातील. हवेतली कोरी आवर्तनं झाली की आलेख पाठवा, आणि बाजूगटांची रचनाही लिहा. त्या २७ आणि २० मधला उरलेला फरक फिल्मचा आहे की नळीचा, ते त्या दोन गोष्टींवरून बहुधा सांगता येईल.